मनाचं काय ते घरातल्या घरात

झोप लागत नाही, भूक मेली आहे, रविवारची मिसळसुद्धा तर्री न मागता संपवून उठता, अशी लक्षणं दिसू लागली तर घाबरू नका. आणि कोणाला सांगू तर मुळीच नका. नाशकात राहून मन आजारी पाडून घेणं हा शुद्ध कृतघ्नपणा आहे. हवा चांगली, पाणी गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, मुंबई चार तासांवर, आणखी काय पाहिजे माणसाला? हे वाक्य आत्ताच पाठ करा. तुम्ही तोंड उघडलंत की पहिल्या दहा मिनिटांत निदान तिघेजण ते ऐकवणार आहेत.

तरी फार वाटलंच तर फिरायला जा. हा सल्ला नेमका बरोबर आहे, म्हणून तो जपून वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम दमणुकीचा व्यायाम सांगते आणि त्याने मनालाही बरं वाटतं. आपण तो आपल्या पद्धतीने करायचा. सकाळी सहाला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चौघांच्या घोळक्यात शिरायचं. पहिल्या फेरीत कोणाच्या पोराला किती पॅकेज, दुसऱ्या फेरीत पाथर्डी फाट्याला प्लॉटचा भाव कुठे गेला. तिसऱ्या फेरीपर्यंत आपण आयुष्यात काय काय घालवलं याचा हिशेब चोख झालेला असतो. मग घरी येऊन पडायचं आणि छताकडे बघायचं.

त्यानेही गुण आला नाही तर त्र्यंबकेश्वर आहेच. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, मला कौतुक आहे ते रजेचं. ‘घरी नारायण नागबळी आहे’ म्हटलं की तीन दिवस एका सहीत मिळतात, वर साहेब ‘आमचाही नमस्कार सांगा’ म्हणतात. त्याच साहेबांना मी एकदा, वय कमी होतं म्हणून, खरं बोललो. समुपदेशकाकडे जायचंय, गुरुवारी एक तास लवकर सोडा. साहेबांनी केबिनचं दार लावलं. मला पाणी दिलं. पेपर कापायची कात्री टेबलावरून उचलून खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तेव्हापासून मी दर गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे जातो. कंपनीच्या नोंदीप्रमाणे माझ्या एकोणीस दातांचं रूट कॅनल झालेलं आहे आणि सगळे हळहळतात.

पण या विषयातले माझे खरे गुरू म्हणजे मामा. दिंडोरीकडे त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर मी एकदा मुक्कामी होतो. सकाळी सातला मामा बागेतून एक पान घेऊन आले. पानावर नखाएवढा पिवळट, तेलकट डाग. त्यांनी पान उन्हात धरलं, उलटं केलं, मागच्या बाजूला पांढरं काही धरलंय का ते बोटाने चाचपलं. डावणी, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. लगेच दोन फोटो सल्लागाराला गेले, पंधरा मिनिटांत उत्तर आलं आणि नऊच्या आत औषध फवारणारा ब्लोअर बागेत फिरत होता. मग मामांनी वही काढली. तारीख, औषध, किती लिटर पाणी, पाऊस होता का, सगळं सुवाच्य अक्षरात. मागच्या सात वर्षांच्या वह्या फळीवर ओळीने लावलेल्या.

मामी चहा ठेवताना म्हणाली, “गणपतीपासून यांच्या डोळ्याला डोळा नाही. रात्री दोनला उठून मोबाईलवर ढग बघत बसतात. जेवण तर बघतोच आहेस तू.”

“हंगाम आहे,” मामा म्हणाले. “होतं.”

“मामा, डॉक्टरला दाखवून येऊ या का?”

“मला काय डावणी झालीय का रे?”

यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पानावर डाग दिसला आणि दोन दिवस गेले तर बाग जाते. माणूस त्या मानाने काटक असतो. मन उदास, कशातच रस नाही, झोप गेलेली, असं दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं तर दाखवून घ्या, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना बागा नसतात. आपण निदान दोन छाटण्या वाट पाहावी.

कोणी ‘कसं काय?’ विचारलं तर ‘मजेत’ म्हणायचं. पावसाळ्यात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे अख्खं शहर एकमेकांना विचारतं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. नदीचं ठीक आहे. घरातल्या माणसाला असं विचारलं तर तो खरंच सांगायला लागायचा.

चुकून डॉक्टर गाठलाच तर पुढे खबरदारी घ्या. नैराश्याच्या बहुतेक गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या दिवशीच ‘काही फरक नाही’ म्हणून त्या बंद कराव्यात. या गोळ्यांची चटक लागते हे शेजारच्या काकांनी सांगितलंय आणि ते रोज रात्री दोन पेग घेऊन सांगत असल्यामुळे अधिकारवाणीने सांगतात. पोरगं गप्प गप्प राहत असेल तर ‘ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात पाठवू का?’ एवढं पुरतं. मनोविकारतज्ज्ञ घडवणारं आणि १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला, मामांच्या रोजच्या रस्त्यावर आहे, पण त्या फाटकापाशी मामा फक्त गिअर बदलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलंय. ते पॉलिसीच्या कागदात सापडलं तर पान दुमडून ठेवा, पाहुणे येतात.

राहिला तो फोन नंबर. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन सुरू केली. १४४१६. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलतात. हा नंबर त्याच्या खऱ्या नावाने सेव्ह करण्याचा वेडेपणा करू नका. फोन पोरांच्या हातात असतो, मेहुणा स्टेटस बघायला मागतो. काहीतरी भारदस्त नाव द्या. गॅस एजन्सी, सोसायटीचे सेक्रेटरी, टँकर.

मामांच्या फोनमध्ये ‘मुकादम पेठ’ नावाचा एक नंबर आहे. मागच्या महिन्यात मी भाडं ठरवायला त्यांच्याच फोनवरून पिकअपवाल्याला लावत होतो, तेव्हा दिसला. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, सत्तावीस मिनिटं. खाली आकडे पाचच.

मामी शेजारीच उभी होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला, म्हणाली, “द्राक्षाला मजूर लागतातच,” आणि चार्जिंगला लावला.