फाळक्यावरचं कार्टं

क्लीव्हलंडच्या बर्फाला वैतागून गेल्या वर्षी मी एक जुना लाल पिकअप ट्रक घेतला. इंजिन बघितलं, टायरला लाथ मारून बघितली (लाथेने टायरबद्दल नेमकं काय कळतं ते मला आजतागायत उमगलेलं नाही, पण विकणारा समोर असला की मारावी लागते) आणि पैसे मोजले. फाळका तेवढा बघायचा राहिला. घरी आल्यावर दिसलं, फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर उंचीचा कॅल्विन, अमेरिकन चित्रमालिकेतलं ते वात्रट पोरगं, पाठमोरा उभा आहे आणि मान वळवून, खवचट हसत, एका मोटार कंपनीच्या चिन्हावर मुतत आहे.

दुसऱ्या कुणाच्या फाळक्यावर असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मी भक्त. कॉलेजात रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेलं कॅल्विन अँड हॉब्सचं पुस्तक मी सातासमुद्रापार सोबत आणलंय. बिल वॉटरसनने ही चित्रमालिका १९८५च्या नोव्हेंबरात सुरू केली आणि ३१ डिसेंबर १९९५ला, ऐन भरात असताना, बंद केली. मधल्या काळात सिंडिकेट, म्हणजे वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणारी कंपनी, त्याच्या मागे लागलं होतं, बाबा रे, बाहुल्या काढू, कप काढू, टीशर्ट काढू. कोट्यवधी डॉलर दारात उभे होते. हा नाहीच म्हणाला. दोन कॅलेंडरं आणि असलंच काही किरकोळ सोडलं तर पुस्तकांपलीकडे त्याने काही निघू दिलं नाही. हॉब्स वाघ कॅल्विनला जिवंत दिसतो, बाकीच्यांना कापडी. तो दुकानात कापडी म्हणून टांगला की मजाच संपली, हे त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. माझ्या सात वर्षांच्या मुलीला अजिबात पटत नाही. तिला हॉब्स हवाय.

तर खरा हॉब्स जगात कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि खोटा कॅल्विन मात्र अमेरिकेतल्या दर चौथ्या पेट्रोल पंपावर उभा. मूळ मालिकेत त्याने हा उद्योग एकदाही केलेला नाही. नळावर पाण्याचा फुगा भरतानाचा त्याचा चेहरा कुणीतरी उचलला म्हणतात, आणि खालचं सगळं पदरचं. फोर्डवाला शेवरलेवर सोडतो, शेवरलेवाला फोर्डवर. ह्याच पोराला क्रुसापुढे गुडघे टेकायला लावणारे स्टिकरही आहेत. वॉटरसनच्या खिशात यातलं काही जात नाही, आणि त्याला ते नकोही असणार.

आमची खरी पंचाईत भूगोलाची. वॉटरसन ज्या चॅग्रिन फॉल्स गावात वाढला, ते आमच्यापासून अर्ध्या तासावर. माणूस प्रसिद्धीला इतका लाजाळू की फोटो हाताच्या बोटांवर मोजावेत. त्यामुळे सिग्नलला मागच्या गाडीत कुणीही चष्मेवाले आजोबा दिसले की मला घाम फुटतो. मी ट्रक कायम उलटा, फाळका भिंतीला चिकटवून लावू लागलो.

त्यात डोंबिवलीहून आई आली, आणि मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. "तुमच्याकडे ट्रक आहे ना? मूर्ती तुम्हीच आणा."

आईने फाळका बघितला. बराच वेळ बघितला.

"हे कार्टं काय करतंय?"

"झाडांना पाणी घालतंय."

"आपल्या जिन्याच्या कोपऱ्यात घालायचे तसंच ना? मग तिथे लावल्या तशा देवांच्या फरश्या लाव."

"आई, ट्रकमध्येच देव बसणार आहेत."

"मग आधी हे खरवड."

शनिवारी सकाळी हेअर ड्रायर लावला. कॅल्विन आधी डोक्याकडून सुटला, मग हात, मग शर्टाचे पट्टे, एकेक करून. धार मात्र सुटेना. तिथला गोंद कसला होता देव जाणे. नखं तुटली, जुनं क्रेडिट कार्ड तुटलं. शेवटी आईने खोबरेल तेलाची बाटली आणली आणि जावळाला लावावं तसं चोळून चोळून ती धारही काढली. फाळका पुसला. दोघंही दोन पावलं मागे सरून बघत राहिलो.

कॅल्विन तिथेच होता. बाकीचा लाल रंग उन्हाने विटून गाजरासारखा झालेला, आणि स्टिकरखालचा तेवढा कोराकरकरीत. आधी तो चिकटवलेला वाटायचा, आता ट्रक कारखान्यातून तसाच आल्यासारखा दिसत होता.

रंगवायला वेळ नव्हता. आईने वर उपरणं बांधलं आणि आम्ही मूर्ती घेऊन निघालो. दुसऱ्याच सिग्नलपर्यंत उपरणं उडालं. आरशात पाहिलं तर मागच्या गाडीत पांढऱ्या केसांचे, चष्मेवाले एक गृहस्थ. ते फाळक्याकडे बघत होते. मग वर मूर्तीकडे. मग पुन्हा फाळक्याकडे. हळूच मान हलवली त्यांनी. माझा हात आपोआप कानाच्या पाळीला गेला.

"ओळखीचे आहेत का?" आईने विचारलं.

"त्या कार्ट्याचे वडील असतील."

आई मागे वळून नीट बघत म्हणाली, "छे रे, आजोबा वाटतात."