‘साठीनंतर जिने चढू नका’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर, एकेक मुद्दा घेऊन

“साठी ओलांडलेल्यांनो, हे नियम पाळा, दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही” असा एक लांबलचक मेसेज सध्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. कुणातरी जपानी डॉक्टरांचं नाव पुढे करून लिहिलाय. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जिने चढू नका, खाली बसू नका, गुडघ्यातलं वंगण संपतं. रोज दहा हजार पावलं चाला. संध्याकाळनंतर डाळ, अंडी, पनीर बंद, किडनीवर लोड येतो. सकाळी उठल्या उठल्या चार ग्लास पाणी आणि झोपताना एक, म्हणजे लकवा होत नाही. वयात १०० मिळवा, तेवढा बीपी नॉर्मल, गोळ्यांची गरज नाही. साधं मीठ सोडून सैंधव खा. रात्री झटकन उठू नका. आणि लकवा आलाच तर सुईने बोटं टोचून रक्त काढा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर याच वयाच्या लोकांबरोबर असते, आणि हा मेसेज वाचून वागणं बदललेले आजी-आजोबा माझ्यासमोर येऊन बसतात म्हणून हे लिहितेय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, आई-बाबांची काळजी म्हणूनच पाठवतात, पण यातल्या काही गोष्टींनी खरंच नुकसान होतंय.

जिने आणि खाली बसणं. सगळ्यात जास्त राग मला या मुद्द्याचा येतो. गुडघा म्हणजे काही ठरावीक तेल भरलेलं मशीन नाही की वापरलं की संपलं. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला सांधा हलावा लागतो, त्याच्यावर वजन यावं लागतं. आणि गुडघ्याला धरून ठेवतो तो मांडीचा पुढचा स्नायू, तो न वापरल्याने इतक्या झपाट्याने जातो की २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात साधारण ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना फक्त दहा दिवस बिछान्यात ठेवलं तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस कमी झालं! मग “आराम करा” ऐकून सहा महिने जिना न चढलेल्या माणसाचं काय होत असेल.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी फक्त खुर्चीतून उठायला सांगते. बघण्यासारखं असतं. आधी पुढे सरकतात, मग दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर रोवतात, खांदे वर जातात, एकदा झोका घेऊन परत बसतात, दुसऱ्या झोक्याला उठतात आणि उठल्यावर क्षणभर कशाला तरी धरायला हात शोधतात. गुडघे दुखतात म्हणून आलेले असतात, पण मुख्य त्रास असतो पायात ताकद न उरण्याचा. घरी करून बघा: हात छातीवर घडी घालून, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा, बाजूला कुणीतरी उभं राहू दे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाला बाईचा आकडा ११ च्या खाली आणि पुरुषाचा १२ च्या खाली आला तर पडायचा धोका जास्त धरतात.

आणि ही ताकद परत येते, कुठल्याही वयात. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षांच्या लोकांकडून आठ आठवडे वजनं उचलण्याचा पायांचा व्यायाम करून घेतला होता, पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत!

हां, ज्यांचे गुडघे फारच झिजलेत किंवा बदलून घेतलेत त्यांनी उकिडवं बसू नये, कमोड वापरावा, हे बरोबरच आहे. पण जिना? कठडा धरून, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे एवढं कळलं तरी निम्म्या लोकांची भीती जाते. मांडी घालून जेवायला बसणाऱ्यांना जमतंय तोवर बसू द्या, जमिनीवरून उठणं हाच त्यांचा रोजचा व्यायाम आहे, आणि जमिनीवरून उठता येणं किती महत्त्वाचं हे घरात एकटं असताना पडलेल्या माणसाला विचारा.

दहा हजार पावलं. हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली यामासा नावाच्या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, तिथून तो आला. २०१९ साली साधारण ७२ वर्षांच्या अमेरिकन बायकांवरचा मोठा अभ्यास आला त्यात रोज ४४०० पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा २७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७५०० च्या पुढे जास्तीचा फायदा दिसेना. त्यामुळे सहा हजार झाले म्हणून रात्री साडेनऊला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची काही गरज नाहीये. पण नुसतं चालणं पुरत नाही हेही तितकंच खरं, डब्ल्यूएचओ ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम वेगळे करायला सांगते. ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून उठ-बस, एवढ्याने सुरुवात होते.

संध्याकाळी प्रोटीन बंद. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण काय असतं? पातळ वरण, मऊ भात, नाहीतर दुधात कुस्करलेली पोळी, आणि एकट्या राहणाऱ्या आजी असल्या तर चहा-टोस्टवरच भागवतात. त्यातूनही डाळ काढून घेतली तर उरलं काय! वय वाढलं की तेवढाच स्नायू टिकवायला प्रोटीन उलट जास्त लागतं, तज्ज्ञ वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७. दिवसभराची बेरीज करून बघा, बहुतेकांची ३०-४० ग्रॅमवरच अडकते. ज्यांचं क्रिएटिनीन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलंय, किडनीचा आजार ठरलाय, त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचं, तो विषय वेगळा. पण किडनी धड असलेल्या माणसाने संध्याकाळी डाळ सोडायचं काही कारण नाही. आणि कवळी नीट बसत नाही म्हणून कितीतरी जण उसळ, चिकन, शेंगदाणे सगळंच सोडतात आणि घरात कुणाला सांगतही नाहीत, तेवढं जरा विचारा त्यांना. शेंगदाण्याचा कूट, मुगाचं धिरडं, ताकातलं पिठलं, सातूचं पीठ, चावायला सोपं पुष्कळ काही आहे.

चार ग्लास पाणी. पाणी प्यायलाच हवं, म्हातारपणी तहान कमी लागते हे खरं. पण एका दमात चार ग्लास कशाला? हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी झालेली असेल, किडनी कमी चालत असेल तर पाणी मोजून दिलेलं असतं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं, माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागतो, तोल जातो, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. झोपताना ग्लासभर पाण्याने लकवा टळतो याला तर काहीच आधार नाही, रात्री दोनदा जास्त उठावं लागतं एवढंच, आणि कितीतरी जण पडतात ते नेमके तेव्हा, पलंग ते बाथरूमच्या मध्ये, अंधारात, घसरणाऱ्या पायपुसण्यावरून. खुबा मोडतो तो अनेकदा असाच.

म्हणून रात्री झटकन उठू नका हा त्या मेसेजमधला एक नियम मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून थोडं बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मग उभं राहायचं. त्याला एक झिरोचा बल्ब आणि बाथरूममध्ये धरायला दांडी, एवढी जोड द्या.

वय अधिक १००. ७५ वर्षांच्या माणसाला १७५ नॉर्मल? कृपा करून हे कुणाला पाठवू नका. ऐंशीच्या पुढच्या, वरचा बीपी १६० च्या वर असलेल्या ३८०० वर लोकांवर हायवेट नावाची चाचणी झाली, २००८ साली निकाल छापून आला, गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २१ टक्क्यांनी कमी आणि हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी. गोळीने चक्कर येत असेल तर बसून आणि उभं राहून असा दोन्ही बीपी मोजा, तो आकडा डॉक्टरांना दाखवा, ते डोस बदलतील. मनाने बंद करायची नाही.

सैंधवाबद्दल एवढंच की तेही बहुतांश सोडियम क्लोराईडच आहे, बीपीला फरक पडत नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा सपाट चमचा, आणि त्यात लोणचं-पापडही आलं.

सुईने बोटं टोचणं. याने आधी घाबरलेल्या माणसाला दुखतं आणि हातातला वेळ जातो. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सिटी स्कॅन. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाहीये, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी तोंडात पाणी, गोळी काही घालू नका, १०८ ला फोन करा आणि माणूस शेवटचा नीट होता ती वेळ कागदावर लिहून घ्या, हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न तोच विचारतात. तुमच्या घराजवळ रात्री सिटी स्कॅन कुठे चालू असतं हे आजच फोन करून विचारा आणि तो नंबर फ्रिजवर लावून ठेवा.