उदगीरच्या सरांना उत्तर: स्क्रू फिरवणाऱ्याने किती बोलावं?

सर, नमस्कार.

फोनचं लॉक उघडायची जादा किल्ली सरकारसाठीही नको, असं सांगणाऱ्या माझ्या मागच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. या ब्लॉगवर एरवी 'छान माहिती' आणि 'शेअर करतो' याच्या पुढे कुणी जात नाही. त्यामुळे एवढी मोठी प्रतिक्रिया दिसल्यावर आधी बरं वाटलं. मग वाचली.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उदगीरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं म्हणणं असं की, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला सरकारने फोन पाहिला तर भीती कसली? अमेरिकेतल्या आयफोनच्या गोष्टी मराठवाड्यातल्या माणसाच्या काय कामाच्या? एन्क्रिप्शनमुळे (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून माहिती गुप्त लिपीत ठेवल्यामुळे) सायबर चोरांचा तपास अडतो आणि गरिबाचे पैसे बुडतात, त्याचं काय? गूगल सगळं घेऊन बसलंय, तिथे तुम्ही गप्प का? सरकारचे हात बांधलेत, असंही. शिवाय दहशतवाद्यांचा विषय काढून माझ्या निष्ठेवर शंका. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: "मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने स्क्रू फिरवावेत, राज्यघटना शिकवण्याच्या भानगडीत पडू नये."

मान्य करण्यासारखं आहे ते आधी मान्य करतो. लेख लांबला होता. तुम्ही म्हणता तसे दोन परिच्छेद सहज कापता आले असते. झालं.

आता स्क्रूकडे येऊ.

सर, लातूरच्या गंजगोलाईतल्या एका बोळात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रू फिरवतो, त्याची लाज कधी वाटली नाही आणि तुमच्या प्रतिक्रियेनंतरही वाटत नाही. पण या विषयावर बोलायचा हक्क गावात कुणाला असेल तर तो माझ्यासारख्यालाच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही आयुष्यात किती लोकांचे उघडे फोन हातात धरलेत? माझ्या टेबलावर रोज असतात. डिस्प्ले बदलायला, चार्जिंगचा जॅक बदलायला माणूस येतो आणि जाताना विचारावंही लागत नाही, पिन सांगून मोकळा होतो. फोनच्या पाठीला कागदी टेप लावून त्यावर गिऱ्हाईकाचं नाव लिहायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. नावाच्या खाली नऊ ठिपके काढायचे आणि त्यातून पॅटर्नची रेघ ओढून ठेवायची, म्हणजे काम झाल्यावर टच तपासता येतो. संध्याकाळी ट्रेमध्ये असे फोन ओळीने पडलेले असतात. कुणाचा झेड, कुणाचा एल. त्यात बँकेचं ॲप, आधारचा फोटो, बायकोचे मेसेज, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं. त्या ट्रेला कुलूप नाही. भरवसा फक्त माझा, आणि कारागीर पोरगा चांगला आहे म्हणून त्याचा. उद्या तो पोरगा बदलला तर?

म्हणून कुणी म्हणालं की फोन उघडायची एक जादा किल्ली असू द्या, ती फक्त चांगल्या माणसाच्या हातात राहील, तर मला तो ट्रे दिसतो. तुम्हाला नाही दिसत. तुम्ही खुर्चीतून लिहिता, मी टेबलावरून लिहितो.

हेही ऐका. दहा-बारा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या फोनमधून फोटो काढून द्यायचं काम आम्ही सर्रास करायचो. फोन वाचायचं यंत्र, आमच्या भाषेत बॉक्स, लावायचा, नाहीतर सरळ मेमरीची चिप उपसून दुसरीकडे वाचायची. लॉक असलं काय आणि नसलं काय, फरक पडत नव्हता. चोरीचा फोनही तसाच वाचता यायचा, हे आमच्या धंद्यातलं कुणी मोठ्याने बोलत नाही. मग २०१४ ला आयफोनने आणि पाठोपाठ अँड्रॉइड ६ पासून नव्या फोननी आतलं सगळं एन्क्रिप्ट करायला सुरुवात केली. आता चिप उपसली तरी हाती येतो तो निव्वळ कचरा. किल्ली तयार होते ती तुमचा पिन आणि प्रोसेसरच्या आत कारखान्यातच घातलेला एक गुप्त आकडा, या दोन्हींतून. तो आकडा बाहेर काढता येत नाही. मी काढू शकत नाही, कंपनीही नाही.

याची किंमत मोजावी लागते, आणि ती मी पाहिलेली आहे. औशाकडची एक बाई नवरा वारल्यावर त्याचा फोन घेऊन आली होती. पॅटर्न तिला माहीत नव्हता. आत लेकीच्या बारशाचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. "दादा, तुम्ही उघडता म्हणे सगळ्यांचे." मी नाही उघडू शकलो. काउंटरवर बसून तिने स्वतःच एकेक पॅटर्न करून पाहिला, फोन दर वेळी जास्त वेळ थांबायला सांगत गेला, शेवटी तो पदरात गुंडाळून ती गेली. ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे, सर. तुमच्या प्रतिक्रियेत यायला हवी होती, पण तुम्हाला ती सुचली नाही, म्हणून मीच देतो. तरीही मला ते लॉक असंच हवं. कारण त्या बाईला उघडून देणारी सोय झाली असती, तर ती माझ्या ट्रेवर आणि चोरबाजारात त्याच आठवड्यात पोचली असती.

आता तुमचं लाडकं वाक्य: लपवण्यासारखं काही नाही त्याला भीती कसली.

लातूरला पोरी शिकायला येतात. नीटची तयारी, होस्टेल, मेस, क्लास. त्यांचे फोन फुटतात आणि माझ्याकडे येतात. एकदा अशाच एका पोरीचा फोन न्यायला तिचे वडील आले. पैसे दिले, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "भाऊ, कॉल रेकॉर्ड होऊन माझ्याकडं येईल असं काही टाकता का? आमचं लेकरू चांगलंय. शंका नाही काही. उगं आपलं." मी म्हटलं, शंका नाही तर मग कामून? ते चिडले. म्हणाले, "बापाला हक्क नाही का?" मी टाकून दिलं नाही. समोरच्या दुकानात कुणी दिलं का, ते मला माहीत नाही.

त्या पोरीने काय लपवलं असेल? कदाचित काहीच नाही. कदाचित टेस्टमध्ये कमी मार्क पडले ते मैत्रिणीला सांगितलं असेल, किंवा घरच्या भांडणावर रडली असेल. पण आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर ती मैत्रिणीशी तसं बोलेल का? तुमच्या वाक्यात या प्रश्नाला जागाच नाही. इतकी वर्षं लेकरांमध्ये राहून तुम्हाला हे माझ्यासारख्याने सांगावं लागतंय, याचं मात्र नवल वाटतं.

दर १७ सप्टेंबरला तुम्ही शाळेत झेंडावंदन करून मुक्तिसंग्रामावर भाषण दिलंच असेल. १९३८ साली निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. पुढे कित्येक वर्षं तिचं नुसतं काम करणं हाच गुन्हा होता. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. गावोगावच्या ज्या साध्या माणसांनी निरोप पोचवले, भूमिगतांना भाकरी दिली, त्या सगळ्यांकडे तेव्हाच्या सरकारच्या दृष्टीने 'लपवण्यासारखं' भरपूर होतं. आमचे आजोबा त्यातलेच. मुलांना त्या माणसांच्या गोष्टी सांगायच्या आणि इथे येऊन लिहायचं की सरळ माणूस काही लपवत नाही! दोन्ही एकाच तोंडाने कसं जमतं?

तुम्ही म्हणाल, ते निजामाचं राज्य होतं, हे आपलं आहे. बरोबर. म्हणूनच आपल्या राज्यात काय चालतं ते बघू. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे. त्याखाली सरकार माहिती उलगडून मागू शकतं, आणि मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २० डिसेंबर २०१८ ला गृह मंत्रालयाने या कामासाठी दहा यंत्रणांची यादी काढली. म्हणजे सरकारचे हात बांधलेत हा तुमचा समज चुकीचा आहे. आदेश काढतात गृहसचिव. तो योग्य होता का हे तपासते सचिवांचीच समिती, दिल्लीत मंत्रिमंडळ सचिवांची आणि राज्यात मुख्य सचिवांची. या रांगेत न्यायाधीश कुठेच नाही. डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवलं आहे की, ही सचिवांची समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एकेका बैठकीत तिच्यापुढे १५ ते १८ हजार आदेश तपासायला असतात. तुम्ही मुख्याध्यापक होतात. एका बैठकीत अठरा हजार पेपर तपासले असं एखाद्या शिक्षकाने सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला चहा पाजला असता का?

आणि राज्यघटना. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा निकाल फक्त वकिलांपुरता लागू आहे, असं त्यात कुठे लिहिल्याचं मला तरी दिसलं नाही.

अमेरिकेच्या गोष्टी का, असं विचारता. फोन तिकडचा, ॲप तिकडचं, भांडणही आधी तिकडेच झालं, म्हणून. सॅन बर्नार्डिनोला डिसेंबर २०१५ मध्ये १४ माणसं मारली गेली. हल्लेखोराचा आयफोन उघडता यावा म्हणून तिथली केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआय आयफोन बनवणाऱ्या ॲपलला कोर्टात घेऊन गेली. पिन कितीही वेळा चुकला तरी चालेल असं खास सॉफ्टवेअर बनवून द्या, ही मागणी होती. ॲपलने नाही म्हटलं. मार्च २०१६ मध्ये एफबीआयने बाहेरच्या कुणाकडून तरी तो फोन उघडून घेतला आणि खटला मागे घेतला. जगातल्या सगळ्या आयफोनना धोका न लावता एक फोन उघडला गेला. मागच्या लेखात मी एवढंच सांगत होतो.

याच्या पुढचं मागच्या लेखात नव्हतं. २०२४ मध्ये चिनी हॅकर अमेरिकेतल्या मोठ्या टेलिफोन कंपन्यांत घुसल्याचं उघड झालं. ते ज्या यंत्रणांपर्यंत पोचले त्यात पोलिसांसाठी कायद्याने ठेवलेली ऐकायची सोयही होती. ग्रीसमध्ये २००४-०५ ला हेच झालं होतं. व्होडाफोनच्या एक्स्चेंजमधली तशीच सोय वापरून कुणीतरी थेट पंतप्रधान करामानलिस यांच्यासह शंभराच्या आसपास लोकांचे फोन ऐकत बसलं होतं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन सरकारच्याच सायबर सुरक्षा संस्थेने आपल्या बड्या अधिकाऱ्यांना काय सल्ला दिला? एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या, म्हणजे बोलणाऱ्या दोघांशिवाय मध्ये कुणालाच वाचता-ऐकता येत नाही अशा ॲपवरच बोला.

सायबर चोरांचं म्हणाल तर, ओटीपी सांगून किंवा लिंक दाबून ज्याचे पैसे गेले त्याचा तपास बँकेच्या खात्यावरून आणि सिमवरून लागतो. त्यासाठी माझे मेसेज उघडायची गरज नाही. गूगलवर वेगळं लिहायचं आहे, तेव्हा बोलू. दहशतवाद्यांबद्दलचा तुमचा परिच्छेद वाचला. त्यातला माझ्या 'निष्ठे'बद्दलचा भाग इतका खालच्या पातळीचा आहे की त्याला उत्तर देत नाही. शाळेत एखाद्या पोराने असं लिहिलं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं.

राहता राहिलं, "ही प्रतिक्रिया तुम्ही उडवणार याची खात्री आहे." उडवलेली नाही, खाली आहे तशीच आहे. बदल एकच केला. शेवटी "हिंमत असेल तर फोन करून बोला" असं लिहून तुम्ही तुमचा मोबाईल नंबर टाकला होता, तो मी खोडला. हे पान कोण कोण वाचतं, मला माहीत नाही. फोन काही मी करणार नाही. लग्नसराई आहे, दुकानात सकाळपासून रांग लागते.