सिरीयल जोडणीचे अनुभवसिद्ध उपाय

ढगाळ हवेत मोहोरावर तुडतुडे आणि भुरी कधी वाढणार, याचा अंदाज घ्यायला तुम्ही देवगडच्या बागेत आर्द्रतेचा सेन्सर आणि त्याचे आकडे वाचणारा आर्डुइनो हा छोटा बोर्ड बसवलात. यूएसबीने तो मांगरातल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला जोडलात; हीच ती सिरीयल जोडणी. स्क्रीनवर मात्र ढिम्म काही नाही. छान! आता डोकं शांत ठेवून चुकीच्या टोकापासून सुरुवात करा.

केबलवर संशय घेऊ नका. बोर्डावरचा दिवा पेटलाय ना, मग झालं. चार्जिंगच्या स्वस्त केबलीत पुष्कळदा विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन घातलेल्याच नसतात; असल्या फालतू शंकांत बागायतदाराने पडू नये. त्यापेक्षा पायवर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाका. मध्येच लाइट गेली तर पुन्हा टाका. जाणारच ती.

डीमेसेज ही कमांड तर चुकूनही देऊ नका. केबल खोचल्या खोचल्या बोर्ड दिसला का, आणि कुठल्या नावाने, हे ती तिथल्या तिथे सांगून टाकते. सीएच-३४० चिपचा स्वस्त बोर्ड टीटीवाय-यूएसबी-० म्हणून येतो, अस्सल आर्डुइनो ऊनो टीटीवाय-एसीएम-० म्हणून. तुमच्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओत बघून उतरवलेलं नाव आहे ना? राहू दे तेच. एवढ्यात उलगडा झाला तर दुपार कशात घालवणार?

‘परमिशन डिनाइड’ आलं, तर युजरला डायलआउट ग्रुपात (सिरीयल पोर्ट वापरायची मुभा असलेल्या गटात) घालून एकदा लॉगआउट करणं हा पळपुटेपणा झाला. सरळ सीएचमॉड ७७७ ठोका, म्हणजे पोर्ट सगळ्यांनाच सताड उघडं. केबल काढून लावली की ते पुसलं जातं, म्हणून रोज सकाळी देवाला दिवा लावून झाला की ठोकत जा.

अक्षरांऐवजी चौकटी आणि उलटी प्रश्नचिन्हं दिसतायत? एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे १,१५,२०० बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) आहे का, ते बघू नका. सेन्सर बदला.

सिरीयल मॉनिटर (बोर्डाकडून आलेलं दाखवणारी खिडकी) उघडाच ठेवून शेजारी त्याच पोर्टवर पायथनचा प्रोग्रॅम चालवा. कधी ‘पोर्ट बिझी’ येईल. कधी भाऊबंदकीत बागेची वाटणी व्हावी तशी अर्धी ओळ याला, अर्धी त्याला जाईल. शिवाय पोर्ट उघडताच ऊनो रीसेट होतो आणि त्याला जागं व्हायला एक-दोन सेकंद लागतात. नेमकी तेव्हाच कमांड पाठवा. ती हरवली की बोर्ड बाद म्हणून जाहीर करा.

सॉकेटात टॉर्च मारू नका, खाऱ्या हवेने आतल्या धातूच्या पट्ट्यांवर चढलेला हिरवट थर दिसेल. तोंडाने जोरात फुंकर मारा. होता त्यात थोडा ओलावा तुमचाही पडू दे.

एवढं करूनही चाललं नाही, तर मुंबईच्या पुतण्याला फोन लावा. तो विचारेल, “काका, एरर काय येता?” तुम्ही सांगा, “कायतरी इंग्लिशात येता रे.” फोटोच मागितला तर फ्लॅश मारून पाठवा, म्हणजे नेमकी तीच ओळ चकाकीत जाईल.