सोनेरी मानेचा कोंबडाही कडकनाथच, दादा

काळ्या कातडीच्या कडकनाथ कोंबड्यांत सोनेरी मानेचे नरही अस्सल असतात, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तासगावच्या दादांनी लिहिलंय: "कडकनाथ म्हणजे नखशिखांत काळा. मानेवर सोनेरी पिसं दिसली की भेसळ. तुमच्या लेखामुळे लोक फसतील." त्या संशयापायी त्यांनी घरचे चार कोंबडे कापलेही.

दादा, वाचून जीव हळहळला. पिल्लांच्या व्यवहारात तुमचे पैसे बुडाले, त्याचा राग मला कळतो. आपल्या सातारा-सांगलीकडे असे पोळलेले पुष्कळ आहेत. पण त्या चार कोंबड्यांचा नुसत्या पिसांवरून निकाल लावायला नको होता.

ही जात मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची, तिथल्या भिल्ल-भिलाला आदिवासींनी राखलेली. तिथे तिच्यात तीन रंग मानतात: कुळकुळीत काळा, पांढरट रेघांचा आणि सोनेरी. पिसांचा रंग ठरवणारी जनुकं वेगळी, कातडी काळी करणारं वेगळं. कातडीचा काळेपणा २० व्या गुणसूत्रावरच्या फेरबदलातून येतो. सिल्की या रेशमी पिसांच्या कोंबडीतही तोच फेरबदल आहे, आणि तिची पिसं पांढरीशुभ्रसुद्धा असतात!

काल संध्याकाळी आमच्या सोनेरी कोंबड्याला डालग्याखालून काढलं आणि मानेच्या पिसांवर फुंकर मारली. सोनेरी पिसं बाजूला झाली, खाली कातडी शाईसारखी. चोच उघडली तर जीभही काळपट जांभळी.

भेसळीची भीती मात्र तुमची खरी आहे. फक्त ती शोधायची जागा दुसरी. पिवळ्या पायांच्या कोंबडीत कातडीचा काळेपणा दाबणारं एक जनुक असतं, आणि ते लिंग-गुणसूत्रावर बसलेलं असतं. कोंबडी ते गुणसूत्र फक्त नर पिल्लांना देते. म्हणून कडकनाथ कोंबडा अशा कोंबडीवर सोडला, तर तलंगी (तरुण माद्या) काळ्या निघतात आणि नर फिके. बेटसन आणि पनेट या आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी सिल्कीच्या संकरात हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. म्हणजे अंगभर काळी तलंग दाखवून कुणीही ती अस्सल म्हणून गळ्यात मारू शकतो, आणि तुम्ही मात्र सोनेरी मानेचा अस्सल नर कापून बसता! पिल्लं घेताना त्याच रवणीतले (एकाच वेळी उबवलेले) वाढलेले नर दाखवा म्हणावं. त्यांची कातडी फिकी असेल तर सरळ परत फिरा. गावरान कोंबडीचे पायच मुळात काळपट असतील, तर तिच्यात ते दाबणारं जनुक नसेल आणि ही खूणही चुकेल. तेव्हा आई-बाप डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमच्याकडे अजून दोन सोनेरी नर आहेत म्हणता. त्यांना हात लावू नका. पिसं बाजूला सारून कातडीचे, जिभेचे आणि तळपायाचे फोटो पाठवा.