नावाजलेल्या उपाहारगृहातला शिळा मासा

मासळीच्या जेवणासाठी नावाजलेल्या त्या उपाहारगृहात मी तिसऱ्यांदा आशेने गेलो आणि तिसऱ्यांदा हिरमुसून परतलो, याचा मला मनापासून संताप येतो. ताज्या समुद्री माशाला उग्र दर्प नसतो. मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्यात ट्रायमिथिलअमाइन हे उग्र वासाचे रसायन तयार करतात, तेव्हा तो दर्प सुटतो आणि वर कितीही मसाला थापला तरी पहिल्याच घासाला कळतो. कोळंबी तर, जिला खरे म्हणजे दोन-तीन मिनिटे पुरतात, इतकी शिजवली होती की तिचे घट्ट वेटोळे होऊन ती रबरासारखी चावावी लागत होती. तक्रार केल्यावर ‘आमच्याकडे सगळे ताजेच असते’ एवढेच बोलून वाढप्याने ताटली उचलली. बिलात मात्र त्या पदार्थाचे पूर्ण पैसे लावलेले होते.