बारा मार्कांचं राज्यशास्त्र

दुपारी दहावीच्या क्लासच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला, इतिहास २८ मार्क, राज्यशास्त्र १२, तेव्हा राज्यशास्त्राला पेपरच्या आधीचे दोन दिवस पुरे, टीपा पाठ करून घ्या आणि आत्ता गणिताकडे बघा. खाली धडाधड अंगठे. डोकंच फिरलं माझं.

कारण मला ती वही आठवली. लेक सातवीत असताना त्याला प्रकल्प होता, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांची मुलाखत घ्या. आदल्याच वर्षी नगरसेवक, महापौर, आयुक्त सगळं शिकून झालेलं, त्यामुळे स्वारी जोरात. शंभर पानी वहीत दहा प्रश्न, समास आखून, लाल पेनने नंबर टाकून. पहिलाच प्रश्न गल्लीतल्या चेंबरच्या तुटक्या झाकणाचा. मी हाफ डे टाकला, गेलो दोघं क्षेत्रीय कार्यालयात. तिथला क्लार्क वही बघून हसला, म्हणाला, "बाळा, नगरसेवक नाहीत आता, मुदत संपली, प्रशासक आहेत." हा म्हणतो, "मग त्यांची घेऊ?" तर म्हणे साहेब असे भेटत नाहीत. आलो परत. पाचातले दोन मार्क आणि शेरा, "मुलाखत अपूर्ण".

मार्च २०२२ ला आमच्या महापालिकेची मुदत संपली आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे सहावीत नगरसेवक शिकला आणि सातवी, आठवी, नववी, जवळजवळ सगळी दहावी त्याला नगरसेवक बघायलाच मिळाला नाही! ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात स्पष्ट घातलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात होतं, मान्य. पण पोराच्या वहीतले दहाच्या दहा प्रश्न तसेच राहिले ना.

आणि आपण मोठे तरी काय दिवे लावतो? जानेवारीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर भलेभले इंजिनियर विचारत होते, एकाच प्रभागात चार मतं का द्यायची, मशीन बिघडलंय का. अहो, एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे होते, म्हणून चार मतं! एकाने तर तक्रार कुठे करायची म्हणून दिल्लीच्या निवडणूक आयोगाचा नंबर टाकला, अहो महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, ते वेगळं ऑफिस आहे! ही सगळी नागरिकशास्त्र ऑप्शनला टाकून नव्वद टक्के काढलेली मंडळी.

सरांचं पण अगदीच चूक नाही म्हणा, गणितात उडाला तर बारा मार्कांचं कौतुक कोण करणार आहे.

काल रात्री उजळणी घेत होते. ते "विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा" असतं ना, मी आपलं मनाचंच एक विधान टाकलं, महापालिकेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते. तो थांबला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "आई, बरोबर लिहू की खरं लिहू?" मी म्हटलं, बरोबर लिही. लगेच म्हटलं, विचारसुद्धा केला नाही, आणि मग भांडी घासताना तेच डोक्यात. हाच मुलगा कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाला होता की दहावा प्रश्न सगळ्यात भारी होता. तो काय होता ते मी तेव्हा विचारलंच नाही, मला ऑफिस गाठायचं होतं. मगाशी माळ्यावर बघितलं, वही बहुतेक रद्दीत गेली.

आत्ता आतून आवाज येतोय, "एकसष्टावी घटनादुरुस्ती, मतदाराचं वय एकवीसवरून अठरा, एकसष्टावी घटनादुरुस्ती..." स्वतः अडीच वर्षांत मत द्यायला जाईल. जाऊन दूध देते त्याला. आणि हो, त्या मेसेजखाली जे अंगठे आहेत त्यातला एक माझाच आहे, क्लासमधलं कुणी वाचून बोलायच्या आत सांगून टाकते.